बाकीचं कोण करतं? खिशातल्या फिल्म कॅमेऱ्याचा इतिहास

ऑस्कर बार्नाकला दमा होता. जर्मनीतल्या वेट्झलार गावी, सूक्ष्मदर्शक यंत्रं बनवणाऱ्या लाइट्स कंपनीत तो तंत्रज्ञ होता आणि सुट्टीच्या दिवशी रानावनात फिरून फोटो काढणं हा त्याचा छंद होता. पण त्या काळात फोटो काढायला निघायचं म्हणजे मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि तिपाई असं सगळं बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागे. चढावर बार्नाकला धाप लागायची. मग त्याने गणित उलटं मांडलं. निगेटिव्ह लहान ठेवायची आणि फोटो नंतर मोठा करून घ्यायचा. 1913-14च्या सुमारास त्याने मुठीत मावेल असा एक कॅमेरा बनवला आणि त्यात चक्क सिनेमाची फिल्म घातली.

ही फिल्म एडिसनच्या प्रयोगशाळेतून आलेली होती. तिथे विल्यम डिक्सनने 70 मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध उभी कापून 35 मिलिमीटरची पट्टी केली होती आणि ती यंत्रात नीट सरकावी म्हणून दोन्ही कडांना भोकं पाडली होती. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ही पट्टी वरून खाली जाते आणि एक चित्र 18 बाय 24 मिलिमीटरचं पडतं. बार्नाकने पट्टी आडवी चालवली आणि दोन चित्रांची जागा एकाच चित्राला दिली. माप झालं 24 बाय 36. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, त्यात ही कल्पना रेंगाळली. शेवटी 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्समधला ‘लाइ’ आणि कॅमेऱ्यातला ‘का’ असं मिळून त्याचं नाव ठेवलं गेलं लायका.

आज एखादा फिल्म कॅमेरा हातात आला, तर त्यात जो रोल घालायचा तो याच मापाचा. कडेची भोकंही तीच, सिनेमातून आलेली. महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत ‘फुल फ्रेम’ असा शब्द असतो, त्याचा अर्थही एका दमेकऱ्याने ठरवलेलं 24 बाय 36 एवढाच आहे.

सध्या बऱ्याच तरुण मुलामुलींना फिल्मवर फोटो काढावेसे वाटतात. माळ्यावर आईबाबांचा जुना कॅमेरा सापडतो, नाहीतर कुणीतरी चोरबाजारातून आणतं. मग प्रश्न सुरू होतात. कुठला घेऊ, रोल कसा भरू, फोटो काळे का आले? या प्रश्नांची उत्तरं यंत्राच्या इतिहासात आहेत. कॅमेऱ्यावरचं प्रत्येक बटण आणि प्रत्येक न दिलेलं बटण हा कुणीतरी केव्हातरी घेतलेला निर्णय आहे. ते निर्णय समजले की कॅमेरा बराचसा समजतो.

जॉर्ज ईस्टमनचा सौदा

बार्नाकच्या आधी एक पिढी अमेरिकेत वेगळ्याच दिशेने काम सुरू होतं. 1888 साली जॉर्ज ईस्टमनने कोडॅक नावाचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत 25 डॉलर. आत 100 फोटोंची फिल्म आधीच भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेरा पार्सलने रोचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा आणि सोबत 10 डॉलर द्यायचे. कारखाना फिल्म धुऊन, फोटो छापून, नवीन फिल्म भरून कॅमेरा परत पाठवायचा. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही करतो, अशी त्याची जाहिरात होती.

त्याआधी फोटो काढणाऱ्याला रसायनं माहीत असावी लागत. अंधारी खोली लागे. हात काळे व्हायचे. ईस्टमनने हे सगळं गिऱ्हाइकाच्या अंगावरून काढून स्वतःकडे घेतलं आणि त्याचे पैसे लावले. 1900 साली त्याने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा 1 डॉलरला विकला, तो मुलांच्या हातात जावा म्हणून. फोटो काढणं ही कारागिरी न राहता घरगुती सवय झाली ती इथून.

तेव्हा या दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या, हे लक्षात ठेवायला हवं. बार्नाकने कॅमेरा लहान केला, पण निर्णय तुमच्याकडेच ठेवले. प्रकाश किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, अंतर किती धरायचं हे सगळं लायका वापरणाऱ्यालाच ठरवावं लागे. ईस्टमनने निर्णयच काढून घेतले. पुढच्या शंभर वर्षांत खिशातला कॅमेरा जो घडला, तो या दोन कल्पना एकमेकींत मिसळत जाऊन. यंत्र लायकाचं आणि वचन कोडॅकचं.

या मिसळणीचं पहिलं पाऊल 1934 साली पडलं. तोवर 35 मिलिमीटरची फिल्म वापरणारे लोक अंधारात बसून स्वतःच डबीत फिल्म गुंडाळत. कोडॅकने रेटिना या कॅमेऱ्यासोबत तयार भरलेली, उजेडात हाताळता येणारी डबी आणली आणि तिला क्रमांक दिला 135. रोलच्या खोक्यावर आजही हाच आकडा छापलेला असतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आज विकत घेतलेला रोल बसतो. विजेच्या तारेचं टोक दर पाच वर्षांनी बदलणाऱ्या आपल्या काळात हे जरा नवलाचंच.

सहा हजार येनचा कॅमेरा

युद्धानंतर या गोष्टीचं केंद्र जपानकडे सरकलं. 1956 साली योशिहिसा मैतानी नावाचा तरुण इंजिनिअर ऑलिम्पस कंपनीत लागला. तो स्वतः लायका वापरणारा होता. त्याला वाटलं, सामान्य पगारदार माणसाला परवडेल असा, पण भिंग मात्र उत्तम असलेला कॅमेरा का नसावा? त्याने किंमत ठरवली 6,000 येन. कंपनीचा त्या वेळचा सर्वांत स्वस्त कॅमेरा याच्या तिपटीहून महाग होता. मैतानीने आधी भिंग बनवून घेतलं आणि उरलेल्या पैशांत बाकीचा कॅमेरा बसवायला घेतला. फिल्म पुढे सरकवायचा खटका महाग पडत होता, म्हणून पाठीमागे अंगठ्याने फिरवायचं एक दातेरी चाक लावलं. शिवाय एका चित्राची जागा पुन्हा 18 बाय 24 केली, म्हणजे सिनेमाचं मूळ माप. त्यामुळे 36च्या रोलवर 72 फोटो निघू लागले. 1959 साली आलेल्या या कॅमेऱ्याचं नाव पेन. पेनासारखा खिशात ठेवा, असा अर्थ.

यात एक गंमत झाली. बार्नाकने आडवी केलेली चौकट अर्धी झाल्यावर पुन्हा उभी झाली. पेन सरळ धरला की फोटो उभा येतो, जसा आज फोन धरल्यावर येतो.

1961 साली पेन ईई आला आणि इथे निर्णय काढून घ्यायला सुरुवात झाली. भिंगाभोवती सेलेनियमचं एक जाळीदार कडं बसवलेलं होतं. सेलेनियमवर उजेड पडला की थोडीशी वीज तयार होते. त्या विजेवर आतली सुई हलते आणि किती उजेड आत घ्यायचा ते कॅमेरा स्वतः ठरवतो. बॅटरी नाही. उजेड फारच कमी असेल तर पाहायच्या खिडकीत एक लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. म्हणजे आता यंत्र तुम्हाला नाही म्हणू शकत होतं.

हीच रचना 1967 साली ऑलिम्पस ट्रिप 35 मध्ये आली, यावेळी पूर्ण 24 बाय 36च्या चौकटीसाठी. ट्रिपमध्ये तुम्हाला एकच निर्णय उरतो, तो म्हणजे अंतराचा. त्यासाठी भिंगावर चार चित्रं आहेत. एक माणूस, दोन माणसं, घोळका आणि डोंगर. समोरचा मीटरभर अंतरावर आहे की लांब, हे अंदाजाने ठरवून तेवढं चित्र निवडायचं. 1984 पर्यंत हा कॅमेरा बनत राहिला आणि आजही त्यातले कितीतरी चालतात, कारण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही.

त्याच सुमारास, 1966 साली, जर्मनीत हाइन्त्स वास्के याच्या रचनेतून रोलाय 35 बाहेर पडला. वास्केने तो आधीच्या नोकरीत असताना स्वतःच्या फावल्या वेळात रेखाटलेला होता. रोलाय इतका लहान आहे की फ्लॅश लावायची जागा वर उरली नाही, ती खाली तळाला द्यावी लागली. पण त्याने निर्णय काढून घेतले नाहीत. उजेड, वेळ, अंतर सगळं तुम्हीच लावा. आकाराने दोघे भाऊ शोभतील, पण ट्रिप ईस्टमनच्या घराण्यातला आणि रोलाय बार्नाकच्या.

शेवटचे दोन निर्णय

आता दोन अडचणी उरल्या होत्या, अंधार आणि अंतर. दोन्ही कोनिका कंपनीने सोडवल्या. 1975 साली तिने सी35 ईएफ या कॅमेऱ्याच्या अंगातच फ्लॅश बसवला. 1977 साली सी35 एएफ आला, मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्यात दोन छोट्या खिडक्या होत्या. आपले दोन डोळे जसे एकच वस्तू जराशा वेगळ्या कोनातून पाहतात आणि त्यावरून अंतर कळतं, तसं हा कॅमेरा दोन प्रतिमा जुळवून अंतर ठरवायचा. 1979 साली कॅननने वेगळी युक्ती केली. कॅमेरा न दिसणारा अवरक्त किरण सोडतो, तो वस्तूवर आपटून परत येतो आणि कोनावरून अंतर कळतं. याच कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवायला मोटरही होती.

1983 साली कोडॅकने रोलच्या डबीवर चंदेरी आणि काळ्या चौकोनांची एक नक्षी छापायला सुरुवात केली. ही डीएक्स खूण. कॅमेऱ्याच्या आतल्या छोट्या पत्र्याच्या पट्ट्या या चौकोनांना टेकतात आणि रोल किती आयएसओचा आहे हे त्यांना कळतं. झालं. शेवटचा आकडाही तुमच्या हातून गेला. 1991चा ऑलिम्पस म्यू, 1997चा म्यू टू, यात झाकण सरकवायचं आणि बटण दाबायचं. ईस्टमनने 109 वर्षांपूर्वी दिलेलं वचन आता कॅमेऱ्यानेच पुरं केलं. अखेर फोनने तर बटणाच्याही पुढे मजल मारली. आजचे बरेच फोन आपण बोट टेकवण्याआधीपासून फ्रेमवर फ्रेम घेत असतात, त्या एकमेकींवर बसवतात, सावल्या उजळतात, आणि मग जे चित्र दाखवतात त्याला आपण आपण काढलेला फोटो म्हणतो.

आपल्याकडे

भारतात हा प्रवास अडखळत झाला. परदेशी कॅमेऱ्यांवर जबर आयात कर होता. मध्यमवर्गीय घरात जो कॅमेरा असे, तो बहुधा वडोदऱ्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. त्याला 120चा रुंद रोल लागे आणि त्यावर 12 फोटो निघत. ऊन आहे की ढग, एवढं ठरवलं की झालं. कृष्णधवल रोलसाठी 1960 साली सरकारने उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली होती. तिचे ‘इंदू’ रोल देशभर जात. ही कंपनी नव्वदच्या दशकात डबघाईला आली आणि पुढे बंद पडली.

ऐंशीच्या दशकात फोटोफोनचा हॉट शॉट आला, त्याच्या जाहिरातीतलं ‘खटॅक’ त्या पिढीला अजून आठवतं. कोकणातल्या कितीतरी घरांत याशिका आला तो आखाती देशात नोकरीला गेलेल्या काकाच्या बॅगेतून. उदारीकरणानंतर कोडॅकचा केबी 10 आला आणि प्लास्टिकचा, फ्लॅशवाला कॅमेरा सहलीला नेण्याइतका स्वस्त झाला. जपानी नोरित्सू कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दुकानात मावतील अशी रोल धुण्याची यंत्रं बनवली होती. ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आणि ‘रोल धुवायला टाकणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत पक्का बसला.

बारशाला सहा, सहलीला दहा, उरलेले दिवाळीला, असा त्या 36 फोटोंचा हिशेब असे. एका रोलवर कधीकधी अख्खं वर्ष असायचं. ‘रोल संपवायचाय’ म्हणून दारातल्या तुळशीचा किंवा शेजारच्या मुलाचा जो फोटो काढला जाई, तो आज अल्बममधला सगळ्यात मोलाचा फोटो ठरतो, कारण तो कुणी ठरवून काढलेला नसतो.

शर्ली नावाची बाई

यंत्र निर्णय घेतं असं आपण म्हणतो, तेव्हा ते निर्णय आधी कुणीतरी माणसाने त्यात घातलेले असतात. रंगीत फोटोंच्या इतिहासात याचं एक ठळक उदाहरण आहे. रंगीत फोटो छापताना रंग बरोबर आलेत की नाही हे तपासायला प्रयोगशाळांना कोडॅककडून एक नमुना फोटो मिळायचा. त्यात एक गोरी बाई असे. कोडॅकच्या ज्या मॉडेलवरून हा नमुना सुरू झाला तिचं नाव शर्ली, म्हणून पुढे कुणाचाही फोटो असला तरी त्या कार्डाला शर्ली कार्डच म्हणत. तिची त्वचा छान दिसली की यंत्र बरोबर लागलं, असं समजायचं.

कॅनडातल्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास शोधून काढला. गडद त्वचा फिल्मवर नीट उमटत नाही ही तक्रार होतीच, पण कंपनीने तपकिरी छटांवर मनापासून काम केलं त्यामागे आणखी एक दबाव होता. तो होता लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांचा. त्यांना जाहिरातीत आपल्या मालाचे वेगवेगळे तपकिरी रंग वेगळे दिसायला हवे होते. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं नव्वदच्या दशकात आली.

घरचा जुना अल्बम पाहताना हे आठवावं. फ्लॅशमध्ये गोरी आत्या उजळ आणि सावळा मामा काळोखात असा फोटो असेल, तर त्यात मामाचा दोष नव्हता आणि फोटो काढणाऱ्याचाही असेलच असं नाही. आज सावळ्या चेहऱ्याचा फोटो फिल्मवर काढायचा तर उपाय साधा आहे. थोडा जास्त उजेड द्या, माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, आणि मागे पांढरी भिंत नको. पांढरी भिंत दिसली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि चेहरा अंधारात जातो.

बुडाला आणि परत आला

1975 साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता. एक चित्र कॅसेटवर साठवायला त्याला 23 सेकंद लागत. कोडॅक फिल्म विकून जगत होती, त्यामुळे या पोराला तिने फारसं मोठं होऊ दिलं नाही. 2012च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी 2009 मध्ये कोडाक्रोम ही प्रसिद्ध फिल्म बंद झाली. कारखान्यातून निघालेला तिचा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीला मिळाला. 36 फोटो, पुन्हा मिळणार नाहीत असे. त्यातले काही त्याने मुंबईत चित्रपट कलावंतांचे आणि काही राजस्थानात रबारी लोकांचे काढले. मॅकरीने आयुष्यभर हजारो रोल वापरले होते, पण या एका रोलसाठी त्याला प्रत्येक फ्रेमचा बेत आखावा लागला.

मग फिल्म परत का आली? थोडी हौस, थोडी फॅशन. 2017 साली एका अमेरिकन मॉडेलने टीव्हीवर काँटॅक्स टी 2 दाखवला आणि 1990 साली निघालेल्या त्या कॅमेऱ्याच्या किमती आभाळाला भिडल्या. पण सगळं श्रेय फॅशनला देता येत नाही. 2024 साली पेंटॅक्सने नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स 17. त्यात चौकट अर्धी आणि उभी आहे, फिल्म अंगठ्याने खटका ओढून पुढे न्यावी लागते आणि अंतर चित्रं पाहून निवडावं लागतं. मोटर आणि ऑटोफोकस कसे करायचे हे कंपनीला ठाऊक आहे. तरी तिने मैतानीच्या पायरीवर परत जाऊन कॅमेरा बनवला. म्हणजे काढून घेतलेले निर्णय लोकांना थोडेसे परत हवे आहेत, असा तिचा अंदाज आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी ठरवा, तुम्हाला किती निर्णय परत हवेत. एकही नको असेल, फक्त फिल्मचा रंग हवा असेल, तर नव्वदच्या दशकातला साधा ऑटोफोकस कॅमेरा घ्या. त्यातल्या नावाजलेल्या मॉडेलांच्या मागे लागू नका. त्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग आता बनत नाहीत, बंद पडला की बहुतेक वेळा कायमचा बंद. एक निर्णय हवा असेल तर ट्रिप 35 च्या जातीचा, आणि सगळे हवे असतील तर रोलाय 35 च्या. यंत्र जितकं साधं, तितकं ते दुरुस्त होण्याची शक्यता जास्त.

विकत घेताना बॅटरीचा कप्पा उघडून बघा. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर आत गळती झालेली आहे. भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहा. आपल्या पावसाळी हवेत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी खरी बुरशी चढते, ती सहजासहजी निघत नाही. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज चिकट झाला असेल तर तिथून उजेड शिरेल, पण तो बदलता येतो. ट्रिप असेल तर भिंग हाताने झाकून बटण दाबा. लाल पट्टी वर आली तर सेलेनियम जिवंत आहे. आणि फ्लॅशवाला कॅमेरा स्वतः खोलू नका. बॅटरी काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली असते.

पहिल्यांदा 400 आयएसओचा रंगीत निगेटिव्ह रोल घ्या, तो चुका पोटात घालतो. रोल सावलीत भरा. जीभ दुसऱ्या बाजूच्या चक्रात अडकवा, दात भोकांत बसलेत हे पाहा, मग झाकण लावा. हाताने फिरवायचा कॅमेरा असेल तर खटका ओढताना डावीकडचं गुंडाळायचं बटण फिरतंय का बघा. ते फिरत नसेल तर फिल्म पुढे जातच नाही आणि तुम्ही 36 वेळा हवेचा फोटो काढणार आहात.

ऑटोफोकस कॅमेरा बहुधा चौकटीच्या मध्यावर पाहतो. दोन मैत्रिणी शेजारी उभ्या असतील तर मध्यावर त्यांच्यामागची भिंत असते आणि तीच स्पष्ट येते. म्हणून आधी एकीवर मध्य धरा, बटण अर्धं दाबा, तसंच धरून चौकट सरकवा आणि मग पूर्ण दाबा. अवरक्त किरणवाला कॅमेरा एसटीच्या काचेतून वापरू नका, किरण काचेवरूनच परत येऊ शकतो. लहान फ्लॅशचा उजेड तीनेक मीटरपलीकडे पोचत नाही. म्यूसारखे कॅमेरे प्रत्येक वेळी उघडल्यावर फ्लॅश पुन्हा आपोआप चालू करतात, तेव्हा नको असेल तर दरवेळी बंद करावा लागतो.

विमानप्रवास असेल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि तपासनीसाला हाताने तपासायची विनंती करा, नव्या सीटी स्कॅनरने फिल्मवर धुकं येतं. मे महिन्यात गाडीच्या कप्प्यात रोल ठेवू नका. रोल संपला की आधी गुंडाळा, मग झाकण उघडा. नाहीतर रोल जळेल.

सोबत एक छोटी वही ठेवा. फ्रेमचा क्रमांक, जागा, ऊन की सावली, एवढंच लिहा. आज रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून खर्च सहज हजार रुपयांच्या पुढे जातो, म्हणजे एका फोटोला तीसेक रुपये. फोटो हातात आल्यावर वही उघडली की कुठला निर्णय यंत्राचा होता आणि कुठला तुमचा, ते कळतं. शिकणं इथे सुरू होतं. दुसरा रोल पहिल्यापेक्षा नेहमी बरा येतो.

आणि लॅबमधून निगेटिव्ह परत मागून घ्या. हल्ली बरेच जण स्कॅन फोनवर आले की समाधान मानतात आणि निगेटिव्ह दुकानातच राहतात. स्कॅन ही नक्कल आहे. समोरच्या माणसावरून निघालेला उजेड ज्या पट्टीवर प्रत्यक्ष पडला, ती पट्टी निगेटिव्ह आहे. पुढे चांगली यंत्रं येतील, तेव्हा तिच्यातूनच पुन्हा फोटो काढता येतील.

कॅमेरा आणि रोल यांचे पैसे जमेपर्यंत थांबायचीही गरज नाही. घरातल्या जुन्या अल्बमच्या मागच्या खिशात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत, गोदरेजच्या कपाटात निगेटिव्हच्या पट्ट्या असतील. एका फोनचा पडदा पूर्ण पांढरा करा, त्याच्या जरा वर पट्टी धरा आणि दुसऱ्या फोनने तिचा फोटो काढा. मग कुठल्याही साध्या अ‍ॅपमध्ये रंग उलटे करा. बहुतेक अल्बममध्ये निवडक फोटोच लावलेले असतात. पट्टीवर मात्र सगळे असतात, डोळे मिटलेले, हललेले, रोल संपवायचा म्हणून काढलेले. तिथे तुम्हाला तुमच्या आईचा असा एखादा चेहरा दिसेल, जो तिनेही अजून पाहिलेला नाही.